आठवी ‘ब’ची चौथी पायरी

भूगोलाच्या बाईंना अख्खी शाळा ‘राजधानीबाई’ म्हणत असे. तोंडावर नव्हे, पण इतक्या मागेही नव्हे की त्यांना ऐकू जाऊ नये. बाईंना त्या नावाचा राग नव्हता. वर्गात पाऊल टाकता टाकता त्या एखाद्या देशाचं नाव हवेत सोडायच्या आणि खुर्चीपर्यंत पोचायच्या आत वर्ग त्याची राजधानी त्यांना परत करायचा, एका सुरात, खिडकीची तावदानं थरथरतील अशी. नद्यांचे उगम, वाऱ्यांच्या दिशा, खडकांचे प्रकार, सगळं तसंच. त्यांचा एक जुना विद्यार्थी दाताच्या डॉक्टरकडे भूल उतरताना राजधान्या म्हणत होता, असं त्याच्या आईने येऊन सांगितलं होतं. बाईंनी ती गोष्ट स्टाफरूममध्ये वर्षभर पुरवून पुरवून वापरली.

त्यांचं तत्त्व साधं होतं. लहानपणी डोकं भरून ठेवायचं. विचार काय, पुढे नोकरीला लागल्यावर मुलं करतीलच. त्यांचे यजमान विमा एजंट होते. ते म्हणायचे, "नोकरीला लागल्यावर कोण विचार करतं गं?" पण घरात त्यांचं म्हणणं फारसं मनावर घ्यायची पद्धत नव्हती.

असा सगळा संसार सुरळीत चालू असताना शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. मुलं केवळ माहिती पाठ करतात, विचार करत नाहीत, असं कार्यालयाच्या निदर्शनास आलं होतं. सबब पुढील महिन्यापासून सर्व शाळांमध्ये विचार करण्यात यावा.

पाठोपाठ प्रशिक्षक मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर एक गुंडाळलेला फ्लेक्स होता. तो उलगडून टांगल्यावर त्यात चार पायऱ्यांचा जिना दिसला. पहिली पायरी माहिती, दुसरी समज, तिसरी वापर, चौथी विचार. पहिल्या पायरीवरचं मूल डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन वाकलेलं होतं आणि चौथ्या पायरीवरचं दोन्ही हात पसरून आभाळाकडे बघत होतं. त्या पायरीच्या पलीकडे कठडा मात्र चित्रात नव्हता.

"मी तुम्हाला शिकवायला आलेले नाही," मॅडम आल्या आल्या म्हणाल्या आणि मग त्यांनी दुपारभर शिकवलं. "माहिती आता खिशात असते," हातातला फोन वर करून त्या म्हणाल्या. "ती डोक्यात कशाला ठेवायची? डोकं चौथ्या पायरीसाठी मोकळं ठेवा."

राजधानीबाईंनी हात वर केला. "मॅडम, डोकं मोकळंच ठेवलं तर विचार कशाचा करायचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"फार सुंदर प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "आपण तो शेवटी घेऊ."

शेवटी चहा आला.

महिनाअखेर कार्यालयातले साहेब पाहणीला येणार, असं ठरलं. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. त्यांना वरून आलेला कुठलाही हुकूम मनापासून पटायचा, आणि तो बदलून दुसरा आला की तोही तितक्याच मनापासून पटायचा.

"साहेबांना आठवी ‘ब’ दाखवायची," ते म्हणाले. "तुमची मुलं शिस्तीची आहेत, बाई. सांगाल ते बोलतात. विचार करायला अशीच मुलं हवीत."

बाई वर्गावर गेल्या. राजधान्या बाजूला ठेवून त्यांनी फळ्यासमोर उभं राहून विचारलं, "मोठी शहरं नद्यांच्या काठी का वसली असतील? तुम्हाला काय वाटतं?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंच्या प्रश्नाला उत्तर नाही असं आजवर झालं नव्हतं, त्यामुळे बाईंचीही पंचाईत झाली. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी धीर करून उठली.

"बाई, आम्हाला काय वाटतं ते फळ्यावर लिहून द्याल का?"

संध्याकाळी बाईंनी ही हकीकत घरी सांगितली. यजमान खो खो हसले, मग धंद्यातल्या माणसासारखे गंभीर झाले. "अगं, त्यात काय एवढं? विचार केलाय असं दिसलं म्हणजे झालं. मी गिऱ्हाइकाला म्हणतो, सावकाश विचार करून सांगा, आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवून दाखवतो. तू लिहून दे त्यांना काय वाटतं ते."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं. त्यांनी नद्यांवर विचार लिहून काढला आणि तालीम सुरू केली. "मला असं वाटतं की" अशी सुरुवात करायची. आठवी ‘ब’ने ते उचललं, पण सगळे मिळून एका दमात म्हणाले, "मला असं वाटतं की." ते ऐकून बाईंनाही कसंसंच झालं. मग त्यांनी वाक्यं वाटून दिली. कुणी म्हणायचं, कुणी "पण मला जरा वेगळं वाटतं" म्हणून अडवायचं, आणि कुणी दोघांचंही बरोबर आहे म्हणून बसवायचं. "इथे थांबायचं," बाई सांगायच्या. "एकदम बोलायचं नाही. वर बघायचं, जसं काही आठवतंय. नाही, आठवतंय नाही. सुचतंय." एक मुलगा इतका वर बघायचा की शेजारच्याला त्याला कोपराने खाली आणावं लागायचं.

आठवी ‘ब’चा वर्ग वरच्या मजल्यावर, टोकाला होता. तालमीला वेळ मिळाला तो दुपारचा, आणि दुपारी त्या वर्गात बसणं म्हणजे शिक्षाच होती. बाकांच्या लोखंडी कडांना हात लावावासा वाटत नसे. डोक्यावरचा पंखा तीच गरम हवा गोल गोल फिरवून परत द्यायचा. तिसऱ्या दिवशी तालमीत एक मुलगा "मला असं वाटतं की" एवढं म्हणून वर बघायला गेला आणि तसाच झोपी गेला.

त्याला उठवायची गडबड चालू असताना खिडकीशी बसणारी एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे ‘पिन’ म्हणत. अंगाने बारीक, आणि बोलली की टोचायची.

"बाई, सूर्य पश्चिमेला मावळतो ना?"

"हे तू पहिलीत शिकलीस."

"हो, पण ही खिडकी पश्चिमेला आहे. मग दुपारच्या शाळेत आम्हाला इथे का बसवलंय?"

हे अभ्यासक्रमात नाही, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण घामाने त्यांचा खडू हातातच ओला झाला होता, आणि खरं सांगायचं तर ते त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं त्या खिडकीतून येणारं ऊन त्यांनी पाठीवर घेतलं होतं, पण ही पश्चिम आणि नकाशात डावीकडे असते ती पश्चिम, या दोन्ही त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या.

"पश्चिमेचं काही नाही," मागच्या बाकावरून एक जण म्हणाला. "आपण वरच्या मजल्यावर आहोत. सूर्याच्या जवळ. म्हणून तापतो."

सगळ्यांना ते पटलं. माना हलल्या. बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "समुद्रसपाटीपासून जसजसं उंच जावं तसतसं?"

"तापमान कमी होत जातं," वर्गाने छापील उत्तर दिलं, एका आवाजात. आपण आत्ता काय म्हणालो, हे मुलं पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग वर गरम कसं?" कुणीतरी हळूच विचारलं.

बाईंना उत्तर माहीत नव्हतं. वर्गात उभं असताना आपल्याला उत्तर माहीत नाही, ही भावना त्यांना इतकी अनोळखी होती की त्या नकळत खुर्चीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विज्ञानाच्या सरांकडून तापमापक मागून आणले. "तोंडात घालू देऊ नका," एवढंच सर म्हणाले. मुलं जोडीजोडीने शाळाभर पांगली. खालच्या मजल्यावर बरोबर आपल्या वर्गाखालची खोली, तीही पश्चिमेची, पण तिथे बरं होतं. वरच्या मजल्यावरचं वाचनालय पूर्वेला, तिथेही दुपारी आपल्याइतकं तापत नव्हतं, पण खालच्यापेक्षा जास्त. मुलं भांडायला लागली. एक गट म्हणे तापलेलं छत, दुसरा म्हणे पश्चिमेची खिडकी, आणि दोन्ही गट बाईंकडे निकाल मागायला आले.

"मला कुठे माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. फक्त छत असतं, तर वाचनालय किती तापलं असतं?"

बराच गोंधळ झाला. एक कारण सापडलं की बाकीची खोटी ठरतात, अशी मुलांची आजवरची समजूत; परीक्षेत तसंच असतं. दोन कारणं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहू शकतात, हे पचायला त्यांना दोन तास लागले. बाईंनाही लागले.

मग पिनने पुढचं टोक काढलं. "सगळ्यात गार खोली कुठली, माहितीये का बाई? ढालींची."

तळमजल्यावर पूर्वेला, झाडाच्या सावलीत एक ऐसपैस खोली होती. शाळेने मिळवलेल्या ढाली, करंडक आणि चषक तिथे काचेच्या कपाटांत मांडलेले होते. ढालींच्या मखमलीला बुरशी धरू नये म्हणून तिथले दोन पंखे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असत. आत कुणी जात नसे. दार उघडलं की मुख्याध्यापक ओरडत.

"म्हणजे ढाली खाली गारव्यात आणि आम्ही वर," पिन म्हणाली. "हे कुणी ठरवलं?"

तापमान, छत, खिडकी इथपर्यंत ठीक होतं. पण हा प्रश्न भूगोलाच्या हद्दीबाहेर पाय टाकत होता आणि समोर मुख्याध्यापकांची केबिन दिसत होती. मुलं मात्र भलतीच रंगात आली होती. उद्याच ढाली बाहेर काढून आपण तिथे बसायचं, असं ठरायला आलं होतं. तेवढ्यात ‘आजोबा’ उठला. हा मुलगा लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा बोलायचा, म्हणून ते नाव.

"आपण खाली गेलो, तर इथे कोण येईल?" त्याने विचारलं. "सातवीचा वर्ग येईल. किंवा नववीचा. म्हणजे गरम खोली तशीच राहणार, फक्त घाम दुसऱ्याचा. मग आपण काय मिळवलं?"

"मग ढालीच वर आणू," पिन म्हणाली.

"मखमल उडेल उन्हाने. रंग जाईल."

"जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? माझ्या ताईने धावून मिळवलेली ढाल आहे त्यात," दुसरी एक मुलगी चिडून म्हणाली.

त्यावर खूप वेळ बोलणं झालं. पडदा लावला तर, कपाटं आतल्या भिंतीला लावली तर, छतावर पांढरा रंग दिला तर. बाई एका कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. कुणीही वर बघून थांबत नव्हतं. एक जण दुसऱ्याचं बोलणं तोडून त्याचंच पुढे नेत होता, मध्येच कुणी "थांब, मी मघाशी चुकीचं बोललो" म्हणत होता, आणि हे वाक्य बाईंनी कुणालाही वाटून दिलेलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "आज मला एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही."

"मग काय केलंस?"

"काही नाही. कोपऱ्यात उभी राहून ऐकत राहिले. बरं वाटलं."

यजमानांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "आणि साहेबांपुढे काय करणार?"

"साहेबांपुढे नद्याच," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं शहाणपण त्यांनी कमावलेलं होतं. मुलांनाही त्यांनी बजावलं, "खोलीचं आपलं आपल्यात. पाहुण्यांसमोर नदी सोडायची नाही."

साहेब आले ते नेमके जेवण करून, भर दुपारी. बरोबर प्रशिक्षक मॅडम आणि मुख्याध्यापक. तिघं मागे खुर्च्यांवर बसले. फ्लेक्स फळ्याशेजारी टांगला होता. बाईंनी नद्यांचा प्रश्न विचारला आणि पाठ सुरू झाला. "मला असं वाटतं की," पहिली म्हणाली. "पण मला जरा वेगळं वाटतं," दुसरा म्हणाला, थांबला, वर बघितलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा सर, विचार करतोय तो," त्या साहेबांच्या कानात म्हणाल्या. घडी अगदी बसली होती.

फक्त साहेबांना ती दिसत नव्हती. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. रुमाल एकदा मानेवरून, एकदा कपाळावरून फिरत होता. तिसरी मुलगी दोघांचंही बरोबर आहे असं म्हणायला उठली तेवढ्यात साहेब न राहवून म्हणाले, "इथे एवढं उकडतं कशाने?"

त्यांनी ते कुणालाच विचारलं नव्हतं. माणूस उकाड्यात म्हणतो तसं म्हटलं होतं. पण आठवी ‘ब’ला त्याचं उत्तर येत होतं, आणि उत्तर येत असताना गप्प बसायचं नाही हे बाईंनीच त्यांना शिकवलेलं होतं.

पिन उठली. बाईंनी डोळ्यांनी खुणावलं, तोंडाने नदी, नदी असा आकार केला, पण व्यर्थ. पिनने पश्चिमेपासून सुरुवात केली. छतापाशी आल्यावर मागच्या बाकाने तिला दुरुस्त केलं. वाचनालयाचे आकडे तिसऱ्याने सांगितले. ढालींच्या खोलीचं नाव निघालं तसे मुख्याध्यापक खुर्चीत पुढे सरकले.

"ढाली ही शाळेची परंपरा आहे," ते म्हणाले. "त्यांच्याशी आपल्या सर्वांच्या भावना जोडलेल्या आहेत."

"हो सर," आजोबा नम्रपणे म्हणाला. "म्हणून आम्ही पडद्याचाही विचार केलाय. ढालींना उकडत नाही, त्यांचा फक्त रंग जातो. आम्हाला उकडतं. शिवाय आता या खोलीत ढाली आल्या म्हणजे दुसऱ्या कुठल्या वर्गाला इथे बसावं लागणार नाही."

मॅडम फ्लेक्सकडे बघत होत्या, हे नेमकं कुठल्या पायरीत बसतं ते शोधत. बाईंना वाटलं, आता आपली बदली. आश्चर्य म्हणजे त्यांना त्याची भीती वाटत नव्हती. आजोबा "दुसऱ्या कुठल्या वर्गाला" म्हणाला ते त्यांच्या मनात घोळत होतं.

"ती खोली जरा बघू," साहेब म्हणाले.

खाली गेल्यावर साहेब दोन पंख्यांच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. मग खुर्ची मागवली, चहा मागवला, आणि पाहणीचा उरलेला सगळा वेळ ते तिथेच बसले. अभिप्रायही त्यांनी तिथेच लिहिला. मुलांचा विचार अत्यंत परिपक्व असून मुख्याध्यापकांनी तो तात्काळ अमलात आणावा, असं त्यात होतं.

वरून हुकूम आल्यामुळे मुख्याध्यापकांना ते मनापासून पटलं. पुढच्याच आठवड्यात ढाली वर आणि आठवी ‘ब’ खाली. त्या दिवशी फोटो काढले. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की ही कल्पना त्यांच्या मनात बरीच वर्षं घोळत होती. आणि दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: चौथ्या पायरीचा विचार केवळ तासिकेतच करावा, शाळेच्या इमारतीविषयी करायचा झाल्यास आगाऊ लेखी परवानगी घ्यावी.

प्रकरण इथे थांबलं असतं, पण यश कार्यालयाच्या फार लवकर लक्षात येतं. आठवी ‘ब’चा पाठ सगळ्या शाळांसाठी आदर्श पाठ ठरला. बाईंना तो लिहून द्यायला सांगितलं. बाईंनी फक्त प्रश्न लिहिले. कार्यालयाने उत्तरं भरली, शिक्षकांच्या सोयीसाठी.

वर्ष उलटल्यावर बाईंना दुसऱ्या एका शाळेत तो पाठ बघायला पाठवलं, परीक्षक म्हणून. सकाळची शाळा. तळमजल्यावरचा वर्ग, खिडकीतून येणारा वारा इतका गार की बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. वर्गशिक्षक नवे, तरुण, घाबरलेले. त्यांनी खूण केली आणि पहिला मुलगा उठला.

"मला असं वाटतं की," तो म्हणाला, थांबला, वर बघितलं, "आमचा वर्ग वरच्या मजल्यावर पश्चिमेला असल्यामुळे दुपारी फार तापतो."

"पण मला जरा वेगळं वाटतं," दुसरी म्हणाली. तिच्या अंगात स्वेटर होता.

बाईंनी पाठ पुरता ऐकून घेतला. ढाली वर न्याव्यात असं सर्वानुमते ठरलं. त्या शाळेत ढाल एकच होती, आणि ती तिथले मुख्याध्यापक टेबलावर पेन ठेवायला वापरत होते.

"कसा वाटला?" शिक्षकांनी विचारलं.

बाई उठून वर्गासमोर गेल्या. "पश्चिम कुठे आहे? सगळ्यांनी हाताने दाखवा."

हात वर झाले आणि चहूकडे गेले. कुणी फळ्याकडे, कुणी दाराकडे, एकाने छताकडे. काही मुलांनी शेजाऱ्याचा हात बघून आपला फिरवला. शिक्षकांचा हात अर्धवट उठून परत खाली आला.

"चला मैदानात," बाई म्हणाल्या.

मैदानात कोवळं ऊन होतं. बाईंनी मुलांना सूर्याकडे पाठ करून उभं केलं. "सूर्य कुठे उगवतो?"

"पूर्वेला," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

"आत्ता सकाळ आहे. मग तुमची सावली कुठल्या दिशेला पडलीय?"

या वेळी एका सुरात काही आलं नाही. मुलं पायांपुढच्या लांब सावल्यांकडे बघत राहिली. एकाने पाय उचलून सावलीचा पाय हलतो का ते पाहिलं. मग स्वेटरवाली मुलगी हळूच म्हणाली, "पश्चिमेला." ती वळली, वर्गाच्या खिडकीकडे बघितलं, मग सूर्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे.

"म्हणजे आमची खिडकी पूर्वेला आहे," ती म्हणाली. "आणि आमच्या वर्गात उकडतही नाही. मग आम्ही तसं का म्हणतो?"

प्रश्न बाईंना होता, पण बाईंनी शिक्षकांकडे बघितलं. शिक्षकांनी वर बघितलं.